सरळ रेघेतली भिंत

इर्बिद शहराच्या पूर्वेला बाळंतिणींचं एक इस्पितळ आहे. त्याच्या तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत हिकमत ओबैदात यांनी बावीस वर्षं काढली. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे त्यांना अबू रकान म्हणत. एकोणिसाव्या वर्षी ते टेलिफोनच्या कचेरीत लागले होते, खांबावर चढून तांब्याच्या तारा जोडायला. इस्पितळात कॉम्प्युटर आले तसे ते इकडे आले. शिक्षण बेताचंच, पण तारेला हात लावला की ती कुठून निघाली आणि कुठे गेली हे सांगत. पाच वेळची नमाज, कमी बोलणं, आणि चहात ऋषीपत्रीची सुगंधी पानं हवीच. बाकी त्या माणसाची काही मागणी नव्हती.

खोलीच्या भिंतीवर चादरीएवढा एक कागद होता. त्यावर इस्पितळाचं सगळं नेटवर्क पेन्सिलीनं काढलेलं. कुठली केबल कुठल्या जिन्याखालून जाते, कुठल्या मजल्यावर कुठला स्विच, आत यायचं दार कुठे, पहारा कुठे. काही बदल झाला की हिकमत खोडरबर घेऊन त्या कागदापुढे उभे राहत. शाईनं का नाही काढत, असं एकदा कोणी विचारलं तर म्हणाले, "शाईनं देवानं लिहावं. आपण खोडता येईल असंच लिहावं."

वर नर्सा ज्या प्रोग्रॅमवर काम करत, तो मात्र त्यांचा नव्हता. तो अम्मानच्या एका कंपनीनं बनवलेला. नर्स पडद्यावर मागणी टाकते, ती रक्तपेढीला जाते, तिथला माणूस पिशवी काढतो. हे सगळं कोणी कोणाला सांगायचं, काय लिहून ठेवायचं, कशाची वाट पाहायची, हा त्या प्रोग्रॅमचा आराखडा. हिकमतच्या आराखड्यात वाटा होत्या, प्रोग्रॅमच्या आराखड्यात कामं होती. प्रोग्रॅम चालायचा हिकमतच्याच तारांवरून, पण त्याच्या पोटात काय आहे ते त्यांनी कधी पाहिलं नाही. आणि प्रोग्रॅमवाल्यांपैकी त्या तळघरात कोणी कधी उतरलं नाही. तशी गरजच कोणाला वाटली नव्हती.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना वरून हुकूम आला, की रक्तपेढीच्या कॉम्प्युटरांपुढे फायरवॉल बसवा. रक्तपेढी आवारातच, पण पलीकडच्या इमारतीत. फायरवॉल म्हणजे मधोमध उभी केलेली भिंत, तिला पहाऱ्याचं एक दार. कोण गेलं, कोण आलं, याची ती नोंद ठेवते आणि ओळखीच्यालाच सोडते. हिकमतनी ती बसवली आणि नेहमीचा नियम घातला: ज्या वाटेवरून तासभर कोणी आलं-गेलं नाही, ती वाट मिटवून टाकायची. रिकामी उघडी वाट म्हणजे चोराची सोय. त्यांच्या विद्येत असंच शिकवतात, आणि त्यात चुकीचं काही नाही.

भिंत बसून नववा दिवस. शुक्रवार होता.

रमथाकडच्या एका गावची मैसा, वय चोवीस, पहिलटकरीण. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. अकरा वाजून दहा मिनिटांनी नर्सनं रक्ताची मागणी टाकली. पडद्यावर हिरव्या अक्षरात आलं: "मागणी पाठवली." नर्सनं मैसाचा हात धरून सांगितलं, "आलं हं रक्त, निघालंय." सगळे दाराकडे बघत राहिले. पस्तीस मिनिटांनी नर्सनं न राहवून फोन उचलला, तर रक्तपेढीवाला म्हणाला, "कसली मागणी? माझ्याकडे सकाळी एक आली, त्यानंतर काही नाही!" मग पिशव्या घेऊन माणसं धावली. जुम्म्याची नमाज उठायच्या आत मैसा गेली.

वेळेवर रक्त मिळालं असतं तर वाचली असती असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नसती वाचली असंही सांगता येत नाही, असंही म्हणाले.

त्या मुलखात कोणाच्या हातून नकळत का होईना, जीव गेला, तर त्या माणसाच्या बाजूची वडीलधारी मंडळी मिळून मयताच्या दारी जातात. त्या मंडळींना जाहा म्हणतात. चूक कबूल करतात, सूड न घेण्याची मुदत मागतात. ती मिळाली म्हणजे राग काही मिटत नाही, पण रागाला बसायला जागा मिळते. त्यासाठी आधी नाव लागतं. कोणाच्या हातून?

मैसाचे वडील हाज फलाह. त्यांनी इस्पितळात निरोप धाडला तो एवढाच: "आमच्या दारात कोणी माणूस येणार आहे, की यंत्र पाठवणार आहात?"

रविवारी संचालकांच्या खोलीत बैठक बसली. अम्मानहून लमीस आली. तो प्रोग्रॅम तिच्या हाताखाली आकाराला आला होता. बत्तिसेक वर्षांची, डोक्याला करडा रुमाल, बोलायला चटपटीत.

"माझं नेटवर्क शाबूत आहे," हिकमत म्हणाले. "रक्तपेढीच्या सर्व्हरला चार हाका मारल्या. चारही वेळा ओ आली."

"आणि मी आत्ता मागणी टाकली, ती दोन सेकंदांत पोहोचली," लमीस म्हणाली. "या, बघा हवं तर."

"मग शुक्रवारी काय, प्रोग्रॅम मशिदीत गेला होता?"

"प्रोग्रॅम जागेवरच होता, काका. तुमच्या तारा झोपल्या असतील. चाळीस वर्षांच्या आहेत म्हणे."

"तारा चौदा वर्षांच्या आहेत, बाई. चाळीस वर्षं नोकरी झालेला मी आहे."

"तुम्ही दोघं गप्प बसाल का?" संचालक वैतागले. "मला एक ओळ द्या फक्त. नेटवर्क की प्रोग्रॅम?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. वाईट म्हणजे दोघंही खरं बोलत होते.

मग दोन दिवस तपासणी. तार तपासली, चांगली. सर्व्हर तपासला, चांगला. शंभर मागण्या टाकल्या, शंभर पोहोचल्या. भिंत बसल्यापासून याआधीही दोनदा उशीर झाला होता, असं एका म्हाताऱ्या नर्सनं सांगितलं. पण तेव्हा रक्तपेढीवाले चहा पीत बसले असतील म्हणून त्यांना चार शब्द सुनावून प्रकरण सोडून दिलं होतं.

मंगळवारी लमीस पहिल्यांदाच तळघरात आली. हातात नोंदींचे कागद. "काका, भांडायला नाही आले. हे बघा. त्या दिवशीची आधीची मागणी नऊ पन्नासला. पोहोचली. पुढची अकरा दहाला. नाही पोहोचली. मध्ये काही नाही. एक तास वीस मिनिटं सगळं शांत."

हिकमतच्या हातातला पेला तसाच राहिला.

तासभर कोणी गेलं नाही तर वाट मिटवायची.

तो नियम त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होता. त्या खोलीत कशाला, सगळ्या इस्पितळात. लमीस वर गेली की दोन बोटांनी तो काढून टाकला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. पुन्हा कधी बिघाड झाला नसता. बिघाड का झाला होता हे कोणाला कळलं नसतं. तीन महिन्यांनी त्यांना हार घालून घरी पाठवलं असतं. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. ते माणूस होते, आलंच असणार. त्यांनी पेला खाली ठेवला.

"पोरी, बस," ते म्हणाले. "मला एक सांगायचंय."

त्यांनी सांगितलं. लमीस ऐकत राहिली. ती जिंकल्यासारखी हसेल असं हिकमतना वाटलं होतं. ती हसली नाही.

"खात्री करायला हवी," ती म्हणाली. "आपण दोन दिवस तपासत होतो, म्हणजे दोन दिवस कोणी ना कोणी ये-जा करतच होतं. वाट मिटणार कशी? हात न लावता बसायला हवं."

बुधवारी दुपारी सगळ्या मजल्यांवर सांगून ठेवलं, की दोन तास रक्त फोनवरच मागा, माणूस धाडा, पडद्याला हात लावू नका. आणि ही दोघं तळघरात बसली. काहीही न करता. हिकमत घड्याळाकडे बघत, लमीस स्वतःच्या हातांकडे.

"न करण्याचं काम फार अवघड असतं हो," ती म्हणाली.

"रोजा ठेवल्यासारखं आहे," हिकमत म्हणाले. "पाणी समोरच आहे, प्यायचं नाही."

अर्ध्या तासानं तिनं पिशवीतून आपला आराखडा काढला. स्वच्छ छापलेला, रंगीत चौकोनांचा. इथे नर्सचा पडदा, इथे मागण्यांची रांग, इथे रोग्यांची नोंदवही, तिथे रक्तपेढी. कोण कोणाला विचारतं त्याचे बाण.

"हे तर घरातल्या कामांसारखं दिसतंय," हिकमत म्हणाले. "कोण पाणी भरतं, कोण चूल पेटवतं. यात वाट कुठे आहे?"

"ही काय." तिनं दोन चौकोनांमधल्या एका सरळ रेघेवर बोट ठेवलं. वीतभर रेघ. "सकाळी प्रोग्रॅम रक्तपेढीशी बोलणं उघडतो आणि दिवसभर उघडंच ठेवतो. दर वेळी नवं उघडायला वेळ जातो म्हणून."

हिकमत उठले आणि तिला भिंतीवरच्या चादरीपुढे घेऊन गेले. पेन्सिलीच्या टोकानं दाखवू लागले. तिसऱ्या मजल्यावरचा स्विच, जिन्याखालची पेटी, तळघर, अंगणाखालची केबल, मग ही भिंत, मग पलीकडचा स्विच, मग रक्तपेढी. "तुझी ती वीतभर रेघ म्हणजे हे सगळं."

लमीस बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. "मी ती पट्टीनं काढली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, रेघ आहे म्हणजे आहे."

"आणि मला वाटलं, कोणी चालत नाही म्हणजे कोणाला नकोय." हिकमतनी पेन्सिल कानामागे खोचली. "वाट मिटवताना माझी भिंत दोन्हीकडच्यांना सांगतसुद्धा नाही. गपचूप मिटवते."

"पण 'पाठवली' असं कोणी लिहिलं? मीच ना. रांगेतून निघाली की 'पाठवली'. पोहोचली का, ते माझा प्रोग्रॅम विचारतच नाही." ती कागदापासून वळली. "आमच्याकडे हे चालतं, काका. रेघेच्या पलीकडे काय होतं ते नेटवर्कवाल्यांनी बघायचं, असं धरूनच आम्ही चालतो."

एक तास दहा मिनिटं झाली. तिनं वर नर्सला फोन केला: खोटी मागणी टाका. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. मागणी पाठवली. हिकमतनी रक्तपेढीला फोन लावला. तिथे काही नव्हतं. पाच मिनिटांनी काही नव्हतं. दहा मिनिटांनी नव्हतं. सोळाव्या मिनिटाला प्रोग्रॅमनं हात टेकले आणि कोणी कधी वाचत नाही अशा एका नोंदीत "उत्तर नाही" असं लिहिलं. त्यानंतर टाकलेल्या मागणीला त्यानं नवी वाट उघडली, आणि ती दोन सेकंदांत पोहोचली. म्हणूनच नंतर तपासायला येणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं.

लमीसनं तोंडावर हात घेतला. हिकमतनी आधी भिंतीचा नियम बदलला आणि मग नमाजेला उभे राहिले. त्या दिवशी त्यांचं माथं जमिनीवरून लवकर उठलं नाही.

संचालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक. म्हणजे तांत्रिक बिघाड. तसं लिहू, कोणाचं नाव नको. तुमचंही भलं, बाईंचंही भलं."

"साहेब, तार तुटली असती तर बिघाड म्हटलं असतं," हिकमत म्हणाले. "इथे काही तुटलं नाही. सगळं आम्ही ठरवलं होतं तसंच चाललं. ठरवणारी आम्ही दोघं."

"अहो, हे काय कोर्ट आहे? तीन महिने उरलेत तुमचे, गप्प बसा ना."

"उरलेत म्हणूनच."

घरी बायकोला, फिद्दाला, त्यांनी जेवण झाल्यावर सांगितलं. ती ताटं आवरत होती, ती तशीच खाली बसली. "लोक म्हणतील, अबू रकाननं बाळंतीण मारली."

"म्हणतील."

"आणि तुम्ही मारली का?"

"मी दार लावलं, फिद्दा. आत कोण येणार होतं ते न विचारता."

तिनं ताटं पुन्हा उचलली. मग म्हणाली, "तुमचा तो काळा झगा धुवायला हवा. जाहात मळका झगा घालून गेलात तर माझी अब्रू जाईल." आणि डोळे पुसले.

चुलतभाऊ अबू सत्ताम हे घराण्यातले वडील. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "मी खुनाखातर गेलोय, गाड्यांच्या धडकेखातर गेलोय. भिंतीखातर कधी गेलो नाही. मी तिथे बोलू तरी काय?"

"तुम्ही फक्त पुढे बसा. बोलेन मी."

खरं तर ज्याच्या हातून घडलं त्यानं जाहात तोंड उघडायचं नसतं, बहुधा जायचंही नसतं. पण या गोष्टीचं बोलणं दुसऱ्या कोणाला येणारच नव्हतं.

लमीसनं फोन केला. "मीही येते."

"बायका जाहात येत नाहीत, पोरी."

"मग मी बायकांच्या दारानं जाते. माझी अर्धी चूक तुम्ही का न्यायची?"

पुढच्या शनिवारी सकाळी अकरा माणसं हाज फलाहंच्या दिवाणखान्यात शिरली. फिद्दा आणि लमीस मागच्या दारानं मैसाच्या आईकडे गेल्या. भिंतीकडेनं गाद्या, समोर मैसाचे भाऊ, चुलते. कोणी सलामाचं उत्तर मोठ्यानं दिलं नाही. वेलदोड्याच्या कडू कॉफीचा छोटा पेला अबू सत्ताम यांच्यापुढे आला. त्यांनी तो उचलला नाही, जमिनीवर ठेवला. मागितलेलं मिळेपर्यंत तो प्यायचा नसतो.

"आम्ही मागायला आलो आहोत," ते म्हणाले. "चूक आमची. ती काय, हे माझा भाऊ सांगेल. मला ते सांगता येत नाही."

हिकमत गुडघ्यांवर पुढे सरकले. तळघरातले शब्द त्यांनी तळघरातच ठेवले होते. जे घडलं तेवढंच सांगितलं: भिंत कोणी घातली, वाट कशी मिटली, मागणी कुठे अडली, पडद्यानं काय म्हटलं. अमक्या मिनिटाला हे, तमक्या मिनिटाला ते.

"म्हणजे भिंतीची चूक की पडद्याची?" एक भाऊ तटकन म्हणाला. "एक काय ते सांगा. दोघं मिळून धूळफेक करू नका."

"भिंत मी घातली. पडदा त्या पोरीनं केला, ती तुमच्या आईपुढे बसली आहे. एकटी भिंत असती तर पडदा म्हणाला असता, पोहोचलं नाही. नर्सनं लगेच फोन केला असता. एकटा पडदा असता तर वाट उघडी असती. दोघांनी आपापलं काम नीट केलं आणि एकमेकांना कधी विचारलं नाही. मी बावीस वर्षांत एकदाही वर जाऊन विचारलं नाही, की माझ्या वाटेवरून तुम्ही काय नेता. ही माझी चूक. ती मी यंत्रावर ढकलणार नाही."

हाज फलाह इतका वेळ खाली बघत होते. त्यांनी मान वर केली.

"माझ्या मुलीला सांगितलं होतं का, रक्त येतंय म्हणून?"

हिकमतना वाटलं, नाही म्हणावं. म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटेल. पण कशाला बरं वाटेल, कशाला वाईट, हे त्यांना आता ठरवायचं नव्हतं.

"हो. नर्सनं हात धरून सांगितलं होतं. पडद्यावर तसं लिहून आलं होतं."

आतल्या खोलीतून बायकांपैकी कोणाचं तरी रडणं ऐकू आलं, आणि एका तान्ह्याचं.

"म्हणजे तिनं वाट पाहिली," हाज फलाह म्हणाले. तो कडक बोललेला भाऊ उठून बाहेर गेला.

शेवटी म्हातारा अबू सत्ताम यांच्याकडे वळला. "क्षमा मी देत नाही. ती माझ्याकडे आज नाहीच, कुठून देऊ? मुदत देतो. एक वर्षाची. मैसाची पोरगी चालायला लागेल तोवर. तेव्हा हाच माणूस घेऊन या, दुसरा कोणी नको. मग बघू, देव आमच्या मनात काय घालतो ते." आणि पेल्याकडे बोट केलं. "प्या कॉफी."

कॉफी केव्हाच गार झाली होती. अबू सत्ताम यांनी ती प्यायली. मग दुसरा पेला भरून आला. तो हाज फलाहंनी स्वतः हिकमतच्या हातात दिला. हिकमतनी तो प्यायला.

परतताना गाडीत मागे लमीस आणि फिद्दा एकमेकींना टेकून बसल्या होत्या. रमथाचा रस्ता संपला.

"मैसाच्या आईनं मला काही विचारलं नाही," लमीस मग म्हणाली. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं ती तान्ही पोरगी माझ्या मांडीवर ठेवली आणि दूध आणायला आत गेली."

"मग?" हिकमतनी पुढे बघतच विचारलं.

"मग काय. ती येईपर्यंत मी हललेच नाही."

इर्बिद जवळ येऊ लागलं. अबू सत्ताम म्हणाले, "वर्ष मोठं असतं, हिकमत."

"मला कमीच पडेल," हिकमत म्हणाले. "उद्यापासून वर जायचंय. एकेका मजल्यावर. विचारायला."